इस्त्री न मोडता सायकलने ऑफिसला

सायकलने ऑफिसला जायचं म्हटलं की बहुतेकांना रहदारीच्या आधी घाम आठवतो. 'पोचेपर्यंत अवतार काय होईल?' या एका शंकेपायी कित्येक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धडधाकट सायकली धूळ खात उभ्या आहेत. शंका रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहेत आणि ते बरेचसे फुकट आहेत.

पुढचं सगळं पाच ते बारा किलोमीटरच्या अंतरासाठी आहे. ऑफिसात अंघोळीची सोय नाही, पण वॉशबेसिन आणि पंखा आहे, असं धरून चाललोय. उदाहरणं पुण्याची आहेत. मुंबई-ठाण्याच्या किंवा पणजीच्या दमट हवेत जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगेन.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेत आणि जांघेत जे जिवाणू असतात ते घामातल्या घटकांवर पोसतात आणि वास त्यातून तयार होतो. त्याला वेळ लागतो. म्हणजे सकाळी स्वच्छ अंघोळ करून, धुतलेला बनियन घालून निघालेला माणूस अर्ध्या-पाऊण तासाच्या सायकलिंगनंतर ओला असेल, पण त्याला वास येणार नाही. वास येतो तो कालच्या टी-शर्टला, न वाळलेल्या मोज्यांना आणि सॅकच्या पट्ट्यांना. त्यामुळे सकाळची अंघोळ 'पोचल्यावर घाम येणारच आहे' म्हणून टाळू नका. फक्त ती कढत पाण्याने नको. गरम पाण्याने अंग तापतं आणि पहिल्या चौकातच घाम फुटतो. कोमट पाणी घ्या, आणि अंघोळ ते टांग मारणं यात चहा-नाश्त्याचा वेळ जाऊ द्या.

पहिली पायरी: रविवारी रस्ता बघून या

सुट्टीच्या दिवशी एकदा घर ते ऑफिस जाऊन बघा, आणि चढ कुठे आहेत ते लक्षात ठेवा. गाडीवरून रोज जाणाऱ्याला आपल्या रस्त्यावरचे निम्मे चढ माहीतच नसतात. धनकवडीहून स्वारगेटकडे येणारा नशीबवान, त्याला सकाळी उतार आणि संध्याकाळी चढ. शिवाजीनगरहून गणेशखिंड रस्त्याने विद्यापीठ चौकाकडे जाणाऱ्याला किंवा पौड रस्त्याने चांदणी चौक चढणाऱ्याला नेमकं उलटं. अशांनी थोडा लांबचा पण सपाट, झाडांचा रस्ता शोधावा. एखादा किलोमीटर जास्त पडला तरी तो तुमच्या शर्टाला मानवतो. सावली कुठल्या बाजूला पडते तेही बघा. एप्रिल-मे महिन्यात साडेआठचं ऊन आणि साडेसातचं ऊन यांत फार फरक असतो. जमत असेल तर उन्हाळ्यात अर्धा-पाऊण तास आधी निघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरी पायरी: हळू चालवा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: सकाळी कुणाशीही शर्यत लावू नका. स्वतःच्या घड्याळाशीसुद्धा नाही.

कारण साधं आहे. पॅडल मारताना आपलं शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला साधारण पाव भाग किंवा त्याहून कमीच चाकांपर्यंत जातो. उरलेल्याची उष्णता होते. त्यात, हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १८ ऐवजी २५ किलोमीटरने गेलात तर हवा कापण्यासाठी अडीच पटीहून जास्त ताकद लागते, आणि अंग त्या मानाने तापतं. आता हिशेब करा. दहा किलोमीटर १८च्या वेगाने ३३ मिनिटांत होतात, २५च्या वेगाने २४ मिनिटांत. वाचली नऊ मिनिटं. ती तुम्ही ऑफिसच्या बाथरूममध्ये घाम पुसत घालवणार. शिवाय पुण्यातले सिग्नल लक्षात घेता ती नऊ मिनिटंही कागदावरचीच.

वेग बरोबर आहे की नाही हे कळायला घड्याळ किंवा ॲप लागत नाही. शेजारच्या सायकलवाल्याशी न धापता बोलता येतंय का, किंवा दम न लागता गाणं गुणगुणता येतंय का, एवढं बघा. येत नसेल तर हळू व्हा.

चढावर अंग सगळ्यात जास्त तापतं, कारण ताकद वाढते आणि वारा कमी होतो. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका आणि गोगलगायीच्या गतीने चढा. उभं राहून पॅडल मारू नका. बिनगिअरची सायकल असेल तर शेवटचा खडा टप्पा उतरून हातात धरून न्या. पुण्यात सायकल हातात धरून चढ चढणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही; या शहराने ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. आणि शेवटचा किलोमीटर मुद्दाम रमतगमत घ्या. तेवढ्या वाऱ्यात बराच घाम सुकून जातो.

टायरमध्ये हवा कमी असेल तर हे सगळं वाया जातं. टायरच्या कडेला किती दाबाची हवा भरायची ते छापलेलं असतं. आठवड्यातून एकदा भरा. चेन कुरकुरत असेल, ब्रेक रिमला घासत असेल, सीट खाली असेल तर तोच रस्ता दुप्पट जड लागतो. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय जवळपास सरळ व्हायला हवा. नवख्यांच्या सायकलींच्या सीट हटकून खाली असतात.

इतकं करूनही रस्ता चढाचा आणि लांबचा असेल तर बॅटरीवाल्या सायकलचा विचार जरूर करा. २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी असेल तर तिला ना नोंदणी लागते ना लायसन्स. सकाळी चढावर मोटर, संध्याकाळी घरी येताना पाय. यात काही फसवाफसवी नाही.

तिसरी पायरी: पाठीवरचं ओझं कॅरिअरवर

सॅक पाठीला चिकटली की तिच्यामागे वारा जात नाही. बाकी अंग कोरडं राहिलं तरी पाठीवर सॅकच्या आकाराचा ओला नकाशा उमटतो. त्यामुळे पहिला खर्च करायचा तो कपड्यांवर नाही, कॅरिअरवर. गिअरच्या बऱ्याच सायकली आता बिनकॅरिअरच्या येतात, पण दुकानदार वेगळं बसवून देतो. त्यावर हूक असलेली इलॅस्टिकची दोरी घेऊन सॅक बांधा, नाहीतर बाजूला अडकवायची पिशवी घ्या. दोरीची टोकं चाकात लोंबत नाहीत ना, हे निघण्यापूर्वी एकदा बघाच.

लॅपटॉप ऑफिसात ठेवता येत असेल तर उत्तम. नेणं भागच असेल तर तो स्पंजच्या कव्हरात. आणि डबा वेगळ्या पिशवीत, उभा. आमटीचा डबा आणि धुतलेला शर्ट एका पिशवीत ठेवण्याचं धाडस कुणी करू नये. सायकलच्या दिवशी कोरडी भाजी-पोळी हे धोरण बरं.

चौथी पायरी: अंगावर काय, पिशवीत काय

तीन किलोमीटरच्या आत असाल तर ऑफिसच्या कपड्यांतच जा. हळू चालवलंत तर काही बिघडत नाही. त्याहून लांब असेल तर वरचा कपडा तरी वेगळा असू द्या. जाताना सुती किंवा जाळीचा टी-शर्ट, पोचल्यावर शर्ट. पॉलिस्टरचे खेळाचे टी-शर्ट लवकर वाळतात हे खरं, पण ते वास धरून ठेवतात. रोज धुणार असाल तरच ते घ्या. सुती कपडा ओला राहतो, पण पुण्यासारख्या कोरड्या हवेत एवढं चालतं.

पँटही शक्यतो बदलायचीच. घामापेक्षा इथे सीटचा प्रश्न आहे. फॉर्मल पँटचं कापड रोज सीटवर घासून चकाकायला लागतं आणि मग विरतं. पँट बदलायची नसेल तर निदान उजवा पाय घोट्यापाशी क्लिपने किंवा रबरबँडने आवळा, कारण चेन त्या बाजूला असते. चेनकव्हर असलेली साधी काळी सायकल या बाबतीत महागड्या सायकलींपेक्षा शहाणी.

सलवार-कमीज घालणाऱ्यांनी ओढणी पिशवीत ठेवावी किंवा आडवी घेऊन कमरेला पक्की गाठ मारावी. मागे उडणारी ओढणी चाकात जाणं हा अपघात आहे, नुसता गबाळेपणा नाही. घेरदार कुर्त्यापेक्षा बाजूला चिरा असलेला सरळ कुर्ता सोयीचा. साडी नेसून जायचं असेल तर मागच्या चाकाला साडीगार्ड आणि आडवा दांडा नसलेली सायकल हवी. निऱ्या किंचित वर खोचून त्यावर पिन लावली की झालं.

शर्ट नेताना घड्या घालून कोंबू नका. सगळी बटणं लावा, उलटा पसरा, बाह्या आत घ्या आणि पँटसकट सैल गुंडाळी करा. घडीच्या ठिकाणी जी तीव्र सुरकुती पडते, ती गुंडाळीत पडत नाही. रंगाचंही थोडं बघा. फिक्या राखाडी आणि आकाशी शर्टावर घामाचा ठिपकासुद्धा दिसतो. पांढरा, गडद निळा आणि बारीक चौकड्यांचे शर्ट बरंच पोटात घालतात.

पाचवी पायरी: ऑफिसात एक छोटा संसार

रोज सगळं वाहून न्यायचं नसतं. एखादा दिवस बसने किंवा रिक्षाने जा आणि आठवड्याचे शर्ट एकदम घेऊन जा. त्याहून सोपं म्हणजे ऑफिसच्या आसपास इस्त्रीवाला शोधायचा. प्रत्येक आयटी पार्कमागच्या गल्लीत एक टपरी असतेच. धुतलेले शर्ट गुंडाळून न्यायचे, तिथे टाकायचे, दुपारी जेवण झाल्यावर इस्त्री होऊन हातात.

ड्रॉवरमध्ये किंवा लॉकरमध्ये हे ठेवा: ऑफिसचे बूट, पट्टा, दोन जोड मोजे, एक जास्तीचा अंतर्वस्त्रांचा जोड, कंगवा, साबणाची छोटी डबी, डिओ किंवा तुरटी, आणि दोन पंचे. टर्किशचा टॉवेल नको. तो जाड असतो, वाळत नाही आणि दोन दिवसांत कुबट होतो. पंचा पिळला की अर्ध्या तासात कोरडा. आणि एक आणीबाणीचा शर्ट, ज्याला हात लावायचा नाही. पंक्चर, पाऊस, अचानक आलेला क्लायंट, यांपैकी कशासाठी तरी तो लागतोच.

वॉचमनकाका आणि सफाईच्या मावशी यांच्याशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या. सायकल सावलीत कुठे लावायची, पंचा कुठे वाळत घालायचा, कुठल्या मजल्यावरचं बाथरूम सकाळी रिकामं असतं, हे ॲडमिनपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. आणि तुमच्यामुळे बाथरूमची फरशी ओली राहिली तर ती मावशींनाच पुसावी लागते, तेव्हा ती आपणच कोरडी करून निघा.

सहावी पायरी: पोचल्यानंतरची वीस मिनिटं

नवखे इथे चुकतात. पोचल्या पोचल्या तोंड धुतात, शर्ट चढवतात, आणि दोन मिनिटांत तो शर्ट भिजतो. सायकल चालवताना वाऱ्याने घाम उडत असतो. थांबलो की वारा थांबतो, पण अंगातली उष्णता तशीच असते, म्हणून खरा घाम थांबल्यावर फुटतो. तो पूर्ण येऊन जिरू द्यायचा.

आधी पाच-दहा मिनिटं काहीच करू नका. सायकलला कुलूप लावा, हेल्मेट काढा, जिन्यात किंवा व्हरांड्यात वारा लागेल असे उभे राहा, घोट घोट पाणी प्या. वरच्या मजल्यावर जायचं असेल तर लिफ्टने जा. पायऱ्यांचा व्यायाम संध्याकाळी करा. चहा मात्र आत्ता नको, तो आणखी घाम काढतो.

श्वास शांत झाला, कपाळ कोरडं झालं की बाथरूम गाठा. मनगटांवर आणि मानेवर गार पाणी लावा. मग पंचा ओला करून पिळून घ्या आणि याच क्रमाने पुसा: चेहरा, मान, छाती-पाठ, काखा, जांघा, शेवटी पाय. काखेत थोडा साबण लावून पुसला तर घामाबरोबर बरेचसे जिवाणूही जातात. दुसऱ्या कोरड्या पंच्याने टिपून घ्या आणि एक-दोन मिनिटं तसंच थांबा. कोरडं झाल्यावरच बनियन, शर्ट, मोजे. पायांसाठी ताजे मोजे हवेतच. दिवसभराचा वास बहुतेक वेळा तिथूनच निघतो.

डिओबद्दल एक सूचना. घामावर मारलेला डिओ घाम झाकत नाही, घाम आणि अत्तर असा तिसराच वास तयार करतो. स्वच्छ, कोरड्या काखेतच तो लावायचा. घाम कमी करणारा प्रकार वेगळा असतो, त्यात ॲल्युमिनिअमचे क्षार असतात. तो रात्री झोपताना लावला तर जास्त चालतो, कारण तेव्हा घाम कमी असतो आणि औषधाला घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी बसायला वेळ मिळतो. तुरटीचं काम साधारण त्याच जातीचं. ओल्या काखेत खडा फिरवा, वाळू द्या. एक खडा वर्षभर पुरतो.

मुंबई, ठाणे, पणजी, रत्नागिरी या पट्ट्यात घाम नुसत्या वाऱ्याने सुकत नाही, कारण हवेतच ओल असते. तिथे दहाऐवजी पंधरा-वीस मिनिटं आणि शक्यतो पंख्याखाली थांबा, आणि अंतर्वस्त्रंसुद्धा बदलाच. ऑफिसजवळच्या एखाद्या जिममध्ये फक्त अंघोळीपुरती महिन्याची सोय होते का, तेही विचारून बघा. बरेच जिमवाले तयार होतात.

केस

पुरुषांना सोपं आहे: ओला हात फिरवून कंगवा. सकाळी तेल लावून हेल्मेट घालू नका, कपाळावर ओघळ येतात. तेल रात्री लावा. हेल्मेटखाली पातळ सुती स्कार्फ किंवा रुमाल बांधला की घाम तो शोषतो आणि केस चपटेही कमी होतात. लांब केसांची सैल, खाली घातलेली वेणी हेल्मेटला आडवी येत नाही. अंबाडा येतो. पोचल्यावर वेणी सोडून केस पाच मिनिटं मोकळे ठेवायचे आणि मग पुन्हा बांधायचे. काजळ, पावडर, लिपस्टिक हे सगळं ऑफिसात. सनस्क्रीन मात्र घरूनच.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा वेगळा खेळ आहे. इथे घाम दुय्यम, चिखल मुख्य.

मडगार्ड नसेल तर सायकल चालवूच नका, असं मी म्हणेन. मागच्या चाकाने उडवलेली चिखलाची रेघ टाळूपासून कमरेपर्यंत येते आणि ती रेनकोटवरही शोभत नाही. पुढचं आणि मागचं, दोन्ही मडगार्ड पूर्ण लांबीची हवीत. आखूड फॅशनची प्लॅस्टिकची पट्टी काही उपयोगाची नाही.

बंद रेनकोटात माणूस बाहेरून कोरडा आणि आतून ओला राहतो. रिमझिम असेल तर रेनकोट न घालता भिजत जाणं आणि पोचल्यावर सगळं बदलणं जास्त सुखाचं पडतं. मोठा पाऊस असेल तर हँडलवरून सोडायचा सैल पोंचो घ्या, त्याच्या खालून वारा खेळतो. पायात फ्लोटर्स किंवा रबरी सँडल. बूट-मोजे ऑफिसात आहेतच. चुकून बूट भिजले तर वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा आणि तासा-दोन तासांनी बदला.

पिशवीत शर्ट-पँट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड पिळून, गाठ मारून ठेवा. पिशवी 'वॉटरप्रूफ' आहे असं दुकानदार म्हणतो, त्यावर विसंबू नका. पार्किंगमध्ये सीटवर जुनी प्लॅस्टिकची पिशवी उलटी घाला, म्हणजे संध्याकाळी ओल्या सीटवर बसावं लागत नाही.

पावसाळ्यात धुतलेले कपडे एका दिवसात वाळत नाहीत, म्हणून जाण्या-येण्याच्या कपड्यांचे निदान तीन जोड लागतात. ओले कपडे पिशवीत दाबून संध्याकाळपर्यंत ठेवले की कुबट वास कायमचा बसतो. मावशींनी दाखवलेली जागा इथे कामी येते.

साचलेल्या पाण्यातून गेलात तर पोचल्यावर पाय साबणाने धुवाच. पायाला जखम किंवा चीर असेल तर त्या पाण्यातून जाऊच नका. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस असाच शिरतो.

काळे हात, काळे डाग

पँटला लागणारं काळं बहुतेक वेळा जास्तीच्या तेलामुळे लागतं. चेनच्या प्रत्येक सांध्यावर एक थेंब, पॅडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि मग जुन्या फडक्याने चेन बाहेरून कोरडी पुसून काढायची. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

वाटेत चेन उतरली तर बोटांनी चढवू नका. काडी घ्या किंवा हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवा. हात काळे झालेच तर आधी कोरड्या हातांवर खोबरेल चोळा, काळं सुटतं, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. कपड्यावरच्या डागावर पाणी घालू नका. आधी टाल्कम पावडर दाबून तासभर ठेवा, झटका, मग भांड्यांचा द्रव साबण चोळून धुवा. डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो पक्का बसतो.

त्वचा

जांघेत खाज सुटून कडा लाल झालेला गोल चट्टा दिसला तर तो बहुधा गजकर्ण. औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या अनेक मिश्र मलमांत स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि मग ते पसरतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर ओल्या अंतर्वस्त्रात दिवस काढू नका, आणि पंचा घरातल्या कुणाशीही वाटून घेऊ नका.

आठवड्याचं धुणं

शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही पंचे, उरलेले मोजे आणि टी-शर्ट घरी न्या. हेल्मेटच्या आतल्या गाद्या बहुतेक निघतात. त्या आणि हनुवटीची पट्टी साबणाच्या कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवा. हातमोजे वापरत असाल तर तेही. कपड्यांना वास राहिलाच असेल तर धुण्याआधी अर्धा तास थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजत टाका. सोमवारी सगळं परत पिशवीत भरायचं रविवारी रात्रीच उरका, कारण सकाळच्या घाईत नेमका पट्टा घरी राहतो.